कानकाकांचं बिनधक्क्याचं इंजिन

कानकाका घरी आले की माणसांच्या आधी यंत्रं सावध व्हायची. निदान मला लहानपणापासून तसं वाटत आलं आहे. दारात चपला काढून ते आत यायचे, माझ्या आईला "कशा आहात, ताई?" विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता मान किंचित तिरकी करून स्वयंपाकघराकडे कान लावायचे. "फ्रिज संपत आलाय," म्हणायचे. फ्रिज त्या वेळी अगदी मजेत घरघरत असायचा. आई हसायची. थोड्या दिवसांनी फ्रिज खरंच डोळे मिटायचा आणि आईचं हसू दुधाबरोबर नासायचं.

ते माझ्या मावशीचे यजमान. खरं नाव होतंच, पण ते पत्रिकांपुरतं. आम्हा भाचरांचे ते कानकाका. एका इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात चाचणी विभागात त्यांनी उभी हयात नोकरी केली. लांबच लांब खोलीत नवी इंजिनं दिवसभर चालवून बघायची आणि आजारी कोणतं ते ओळखायचं, हे काम. त्यासाठी त्यांच्याकडे हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. मग निकाल, एका शब्दाचा. "घ्या" किंवा "उघडा."

कारखान्यातली ही पद्धत आमच्या घराण्यात कधी शिरली ते कुणाला सांगता येणार नाही, पण काकांनी ऐकल्याशिवाय आमच्याकडे कुठलंही यंत्र वापरात यायचं नाही. माझी पहिली स्कूटर झेंडूचा हार घालून दारात उभी होती, नारळ तयार होता, पेढे आले होते आणि सगळे काकांची वाट बघत थांबले होते. ते शनिवार पेठेतून सावकाश चालत आले, स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. पुरोहितापुढेही कधी राहिलो नसेन इतका गंभीर होऊन मी उभा होतो. "घे," ते म्हणाले, आणि मग नारळ फुटला. पुढे लग्न ठरलं तेव्हा मुलगी बघायला त्यांना नेलं नव्हतं. माझी बायको म्हणते, नेलं असतं तर त्यांनी तुझाच आवाज ऐकून मला सावध केलं असतं.

पण गंमत घरापुरती. रस्त्यावर त्यांच्याबरोबर चालणं मला नको वाटायचं. एकदा स्वारगेटच्या चौकात सिग्नलला थांबलो होतो. गाड्यांचा तो गलका. काका डोळे मिटून उभे, आणि बोटानं एकेक गाडी दाखवत हलक्या आवाजात म्हणत होते, "ही ठीक. ही ठीक. ही रिक्षा जाणार. तो टेम्पो आज घरी पोचत नाही." टेम्पोवाला चहाचा कप हातात धरून कुणाशी तरी हसत होता. मी म्हटलं, "काका, सांगा ना त्याला."

"त्यानं विचारलं नाही," काका म्हणाले.

तुसडेपणा नव्हता तो. न विचारता सल्ला देणं त्यांच्या हिशेबी असभ्यपणा होता. विचारणाऱ्याला मात्र ते एक गोष्ट बजावून सांगत. "खात्री नसेल तर ‘घ्या’ म्हणायचं नाही. उघडायचं. ऐकणारा कितीही मोठा असू दे, इंजिन कुणाचा मान ठेवत नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की त्याचा अर्थ लागायचं राहूनच गेलं.

चाचणी विभागात कानात घालायला कापसाचे बोळे मिळत. काका ते घेत नसत. "मी ऐकण्याचा पगार घेतो," ते म्हणत. "उद्या टेहळणी करणाऱ्याला डोळ्यांवर पट्टी द्याल." सगळे हसत. मीही हसायचो.

त्यांचं एक प्रेमप्रकरण होतं आणि ते मावशीला ठाऊक होतं. रोटरी इंजिन. तरुणपणी त्यांनी कारखान्यात मागे लागून लागून सांगितलं होतं की आपण एक करून बघू. वरिष्ठांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि परत पाठवलं. त्यानंतर काका दर दिवाळीला आमच्यापुढे ते इंजिन मांडायचे. शब्दशः मांडायचे, फराळाच्या ताटात.

"पिस्टन म्हणजे हा तुमचा चकलीचा सोऱ्या," ते सोऱ्या हातात घेऊन सांगत. "दट्ट्या खाली जातो, थांबतो. वर येतो, थांबतो. दर वेळी थांबायचं आणि उलटं फिरायचं. म्हणून धक्का. म्हणून इंजिन थरथरतं, म्हणून ते जाड आणि जड करावं लागतं." मग एका डब्यात ते सामोसा ठेवत. "आणि हे रोटरी. आतली पोकळी दोन दाण्यांच्या शेंगेसारखी, कंबर किंचित आवळलेली. तिच्यात हा फुगीर त्रिकोण गरगर फिरतो. तीन टोकं, तिन्ही सतत भिंतीला घासून. थांबायचं नाही, मागे यायचं नाही. धक्काच नाही. झडपा नाहीत. फिरणारे भाग बोटावर मोजा. तेवढ्याच ताकदीचं पिस्टन इंजिन कुकरएवढं होईल, तर हे लाडवाच्या डब्याएवढं."

"आणि पेट्रोल?" मावशी आतून विचारायची.

"थोडं जास्त पितं."

"थोडं," मावशी म्हणायची. त्या एका शब्दात ती त्या इंजिनाचं सगळं चारित्र्य काढायची.

आकाराची बाब सोपी होती. भांडण असायचं ते सीसीवर. एकदा मी शहाणपणानं म्हणालो की शंभर सीसीचं रोटरी शंभर सीसीच्या पिस्टनपेक्षा जास्त ताकद देतं म्हणजे कमालच आहे. काकांनी लाडू खाली ठेवला. "विमावाले," ते म्हणाले. मी विमा कंपनीत आहे, अपघात झाल्यावर जागेवर जाऊन फोटो काढणारा, म्हणून हे नाव. "विमावाले, पिस्टनचा दांडा दोनदा फिरतो तेव्हा तो सिलिंडर एकदा श्वास घेतो. रोटरीत दांड्याच्या प्रत्येक फेरीला एक श्वास. म्हणजे याचे शंभर त्याच्या दोनशेंशी लावायचे. विकणारा एकपट सांगतो. जळणारा त्रिकोणाच्या तिन्ही बाजू मोजून तिप्पट सांगतो. खरं दुप्पट आहे. आपलं ज्याच्यावर प्रेम आहे त्याचं माप तर जास्तच खरं घ्यावं."

हे ते नुसतं बोलत नव्हते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते इंजिन करायला घेतलं. भोसरीतल्या ओळखीच्या वर्कशॉपांतून भाग करून घेतले, आणि धायरीत तात्या नावाच्या गृहस्थांच्या जागेत पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली. तात्यांच्या शेताचं शहर झालं होतं, पण बोलणं गावातच राहिलं होतं. पहिल्यांदा इंजिन बघून ते म्हणाले, "काका, ह्ये मशीन हाय का पाणी तापवायचं भांडं?" काकांना इतका आनंद झाला की बस. "बघ, म्हणजे किती लहान आहे!" ते मला म्हणाले.

वजनाच्या दिवशी मला खास बोलावणं आलं. शेजारी तेवढ्याच ताकदीचं एक पिस्टन इंजिन आणून ठेवलं होतं आणि मावशीच्या घरातला उभं राहून वजन करायचा काटा. इंजिन काट्यावर नीट बसेना, तेव्हा काकांनी तोड काढली. मी काट्यावर उभं राहायचं, आधी मोकळ्या हातानं, मग इंजिन कवेत घेऊन, आणि फरक काढायचा. माझं मोकळ्या हाताचं वजन काकांनी मोठ्यानं वाचलं. तात्या म्हणाले, "आधी ह्यान्लाच उघडा." त्यानंतर मी आळीपाळीनं दोन्ही इंजिनं बारशातल्या आत्यासारखी उचलून उभा राहिलो. रोटरी निम्म्याच्या आसपास भरलं.

मी टाळ्या वाजवल्या. काकांनी हात वर केला. "थांब. नागडं वजन खोटं असतं. तुलना करायची तर दोघांनाही कपडे घालून उभं करायचं." मग त्यांनी रोटरीला धुराड्याची नळी जोडली, ती जाडच लागते कारण याचा धूर फार तापलेला असतो. थंड करायचा पंखा जोडला. आणि तेवढाच वेळ चालायला जेवढं पेट्रोल लागेल तेवढं दोघांच्या टाक्यांत भरलं. याची टाकी मोठी. मी पुन्हा काट्यावर चढलो. फरक बराच खाली आला होता. "अजून हलकंच आहे," काका म्हणाले, "पण मघाशी होतं तेवढं नाही. हे मुलीला सांगायचं. लपवायचं नाही."

मुलगी म्हणजे मुग्धा, त्यांची एकुलती एक. ती आयटीत काम करायची आणि शनिवार-रविवार कामशेतच्या डोंगरावरून पॅराग्लायडिंगची छत्री बांधून उडी मारायची. आता तिला डोंगराशिवाय उडायचं होतं. पाठीवर इंजिन आणि मोठा पंखा बांधला की सपाट माळावरून धावत सुटून वर जाता येतं. पाठीवर घ्यायचं म्हटल्यावर प्रत्येक किलो महाग. आणि त्या पाठीसाठी तिचे बाबा लाडवाच्या डब्याएवढं इंजिन करत होते. आयुष्यभर नाकारलेली एक गोष्ट लेकीच्या पाठीवर बसून आभाळात जाणार होती. त्या दिवसांत काका पन्नाशीतले दिसायला लागले.

धोका कुठे आहे तेही त्यांनीच दाखवलं. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना धातूची एकेक पट्टी असते, मागे स्प्रिंग. ती भिंतीला दाबून बसते आणि जळता वायू अडवते. "हिच्यावर सगळं," ते पट्टी माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले. नखाएवढी जाड. "ही नाचायला लागली की भिंतीवर ओरखडे काढते. मग तडकते. तडकली की धुराड्यातून बाहेर. आणि धुराड्याच्या मागे काय आहे?"

मी बघितलं. मागे पंखा होता, तुकडा लागला की त्याचं पातं फुटणार. पंख्याच्या पुढे, हातभर अंतरावर, मुग्धाची पाठ असणार होती.

"पण त्याआधी ती बोलते," काका म्हणाले. "बारीक करकरते. ऐकणारा हवा."

मला तेव्हाच काहीतरी टोचलं. काय ते कळायला वेळ लागला.

गेली काही वर्षं काका स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागे लावायचं सोडून दातांत धरायला लागले होते. आम्हाला वाटलं ही त्यांची वरची पायरी. गवई म्हातारपणी कमी गातो आणि जास्त पोचतो, तसं काहीसं. निकाल तर अजून अचूक होते. माझ्या मोटरसायकलचा, शेजाऱ्यांच्या जनरेटरचा. दात मिटून, डोळे मिटून ते उभे राहायचे आणि "उघडा" म्हणायचे, आणि उघडल्यावर आत खरंच काहीतरी निघायचं. मात्र हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात अशी त्यांची तक्रार वाढली होती. शब्द चावून टाकतात म्हणे. पुण्याचं मराठी बिघडलं म्हणे. मला तर ते पटायचंसुद्धा, त्यामुळे मी मान डोलवायचो. मावशी डोलवायची नाही.

एकदा मी त्यांच्याकडे बसलो होतो. आत कुकरची शिट्टी झाली. काका गॅसच्या शेजारी पाण्याचा पेला भरत उभे होते. दुसरी झाली, तिसरी झाली. मावशी बाहेरूनच म्हणाली, "अहो, झाला बरं का कुकर," आणि काकांनी वळून गॅस बंद केला. इतक्या सहज, जणू रोजचंच. मी मावशीकडे बघितलं. ती वांग्याचे देठ काढत होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

आणि मिक्सर. त्यांच्याच घरचा मिक्सर, काकांनी "घ्या" म्हटलेला, चटणी वाटता वाटता धूर काढून बसला. त्याआधी आठवडाभर तो पिपाणीसारखा वाजत होता, मी स्वतः ऐकला होता. काका म्हणाले, "वीज माझा विषय नाही."

हे सगळे मणी माझ्याकडे सुटे सुटे पडले होते. ते ओवले गेले ते नको त्या सकाळी.

माळावरच्या पहिल्या उड्डाणाआधी शेडमध्ये शेवटची चाचणी होती. इंजिन ओट्यावर लोखंडी चौकटीत बसवलेलं, मागे पंखा. पास झालं की तिथूनच गाडीत घालून माळावर न्यायचं. मुग्धा उड्डाणाचे कपडे घालूनच आली होती, केस विंचरून कंगवा तिनं ओट्यावरच ठेवला होता. मावशी उपम्याचा डबा घेऊन आली होती, तात्या दाराशी उभे होते. मी फोटो काढायला, म्हणजे माझ्या धंद्याला अनुरूप. मुग्धानं कानांवर जाड आवाजबंद टोप्या चढवल्या. नवी पिढी कान सांभाळते. तिनं दोरी ओढली.

इंजिन असं काही सुरू झालं की मी तोंड उघडून बघत राहिलो. चौकट हलली नाही. ओट्यावर काकांनी मुद्दाम काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला होता, त्यात थेंबभर लाट आली नाही. काका त्या पेल्याकडे आपलं नातवंड पहिलं पाऊल टाकत असल्यासारखे बघत होते. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ दातांत धरली, डोळे मिटले.

तेव्हा मी ऐकलं. पंख्याच्या भणभणाटाच्या खाली, अगदी बारीक. कुणीतरी कंगव्याच्या दातांवरून नख ओढत राहावं तसं. येत होतं, विरत होतं, पुन्हा येत होतं.

तात्या माझ्या कानाशी लागले. "साहेब, कायतरी करकरतंय. आपल्याला काय त्यातलं कळत न्हाय, पर करकरतंय."

मी काकांकडे बघितलं. मिटलेल्या डोळ्यांवर एवढं समाधान होतं. आणि त्या क्षणी माझ्या अडाणी डोक्यात मिक्सर, कुकर आणि ते दात एका ओळीत उभे राहिले. पिस्टनचा आजार धक्क्यात असतो. ठोका चुकतो, थरथर बदलते, आणि ते हाडाला कळतं, दाताला कळतं. त्याला कान लागतच नाहीत. म्हणून मोटरसायकली त्यांना अजून सगळं सांगत होत्या. पण या इंजिनाला धक्काच नव्हता. ते मिक्सरसारखं नुसतं फिरत होतं. त्याच्याकडे दुखणं सांगायला तो एक बारीक आवाज तेवढा होता, आणि काका जन्मभर ज्या गुणावर भाळले होते, त्याच गुणानं ते आता त्यांच्याशी बोलत नव्हतं.

काकांनी डोळे उघडले, मूठ तोंडातून काढली. ओठ ‘घ्या’साठी उघडले. मी पुढे होऊन त्यांची बाही धरली. "काका, करकरतंय!"

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. कानांना काही कळलं नव्हतं, हे मला दिसलं. "काय?"

"करकर! आतून!"

"विमा कंपनीला सगळीकडे करकरच ऐकू येते," ते हसून म्हणाले. "पेला बघ." पेल्यातलं पाणी आरशासारखं होतं. त्यांनी आयुष्यभर इंजिनं ऐकली होती आणि मला स्वतःच्या स्कूटरचा चोक कुठल्या बाजूला होता हेही आठवत नाही. मी त्यांची बाही सोडली. काका मुग्धाकडे वळले, अंगठा वर केला, आणि मोठ्यानं म्हणाले, "घे, बाळा."

इंजिन बंद पडलं.

एकदम शांतता झाली की कानात जो दाब येतो, तो आला. मावशी ओट्याच्या पलीकडे उभी होती. उपम्याचा डबा एका हातात, दुसऱ्या हाताचं बोट लाल बटणावर. इतके महिने ती नुसते डबे घेऊन येत होती असं आम्हाला वाटत होतं.

"काय केलंस हे?" काका म्हणाले.

मावशी त्यांच्या समोर येऊन उभी राहिली, अगदी तोंडासमोर, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "अहो, तुम्हाला ऐकू येत नाही."

काकांनी हातातला स्क्रूड्रायव्हर ओट्यावर ठेवला.

"कुकर ऐकू येत नाही. दारावरची बेल येत नाही. मागून हाक मारलेली मी ऐकू येत नाही. मी कधी म्हटलं नाही. मिक्सर जळला, जळू दे म्हटलं. पण ही पोरगी आहे."

मुग्धानं कानावरच्या टोप्या काढल्या होत्या. "आई, काय झालं? बाबा?" तात्या बाहेर जाऊन उगाच नळ बघायला लागले.

मला वाटलं काका चिडतील. पुण्यात जन्म काढलेला माणूस, चार बोचरी वाक्यं तर सहज निघाली असती. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुला खरंच ऐकू आली?"

मी होकारार्थी मान हलवली.

"कशी?"

मी ओट्यावरचा मुग्धाचा कंगवा उचलला आणि त्यांच्या समोर धरून दातांवरून नख ओढलं. त्यांना तेही ऐकू गेलं नसणार. पण त्यांनी बघितलं, आणि कळलं. चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, फळ्यावरचं पुसत जावं तसं.

"मग उघडायचं," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "खात्री नाही ना, उघडायचं."

त्यांनी स्वतः पाने हातात घेतले. इंजिन निवायची वाटही पाहिली नाही, फडक्यात धरून बोल्ट सोडवले. मुग्धा मदतीला वाकली तर म्हणाले, "तू बाजूला बस, आईजवळ." झाकण निघालं. तो सुंदर काळाभोर त्रिकोणी रोटर बाहेर आला. काकांनी आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि बोट थांबलं. मग माझं बोट धरून तिथे टेकवलं. लागत होत्या. नदीतल्या वाळूवर पाण्यानं उमटवाव्यात तशा बारीक बारीक लाटा. तीनपैकी एका पट्टीचा कोपरा तडकला होता. तुटला नव्हता. केसाएवढी रेघ होती, आणि रेघेच्या त्या टोकाला ती अजून धरून होती.

काकांनी पट्टी तळहातावर घेतली आणि तळहात मुग्धासमोर धरला. तिनं फक्त आपला हात मागे नेऊन स्वतःची पाठ चाचपली, दोन खांद्यांच्या मधली जागा. ती हालचाल माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. फोटो काढायला गेलेल्या मी एकही फोटो काढला नाही.

मग काकांनी तो स्क्रूड्रायव्हर उचलला, सदऱ्याला पुसला आणि माझ्या हातात दिला. लाकडी मुठीवर त्यांच्या दातांच्या खुणा होत्या, खोल, वर्षांच्या. "तुला ठेव," ते म्हणाले.

"मला काय कळतं त्यातलं, काका?"

"तेच," काका म्हणाले.

त्यांना कानाचं यंत्र आणलं. ते दोन दिवस घालून त्यांनी डबीत ठेवून दिलं. "सगळं पत्र्यावर वाजवल्यासारखं येतं," म्हणाले, "माणसंसुद्धा." इंजिन पुन्हा केलं नाही. करता आलं असतं, नवी पट्टी, नवी भिंत, चूक दुरुस्त झाली असती. मुग्धाही म्हणाली, "बाबा, दुसरं कर, ऐकायला आपण दुसरं कुणी बोलावू." ते म्हणाले, "इंजिन चांगलंच आहे. मी त्याला पुरा नाही." शेवटच्या वर्षांत ते घरी आले की चपला काढून थेट खुर्चीत बसायचे. मान तिरकी व्हायची नाही. आमचा फ्रिज त्यांच्यासमोर घरघरत राहायचा, आणि आता काका त्याच्याबद्दल काही सांगत नसत, त्याचीच मला भीती वाटायची. मागच्या हिवाळ्यात ते झोपेत गेले. मावशी म्हणते, ती शेजारीच होती आणि तिला काहीच आवाज आला नाही.

ते इंजिन मावशीनं टाकलं नाही. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे, लाडवाच्या डब्याशेजारी. आकार तोच. दिवाळीत तिचा हात कधीमधी चुकीच्या डब्याला लागतो. मग ती तो तसाच थोडा वेळ त्यावर ठेवते.

मुग्धा आता उडते, पिस्टनचं इंजिन घेऊन. जड आहे, थरथरतं, उतरल्यावर पाठ दुखते म्हणते. दर हंगामाच्या सुरुवातीला ते गाडीत घालून माझ्याकडे आणते. घरातली पद्धत मोडलेली नाही. आधी ऐकायचं, मग वापरायचं. फक्त ऐकणारा मी आहे. मी स्क्रूड्रायव्हर टेकवतो, मूठ कानामागे लावतो, खुणा हाडाला टोचतात. डोळे मिटतो आणि गंभीर चेहरा करतो. मला धडधड ऐकू येते. ती इंजिनाची की माझी तेही सांगता येणार नाही. मग मी खरं तेच सांगतो. "मुग्धा, मला काही कळत नाही." ती म्हणते, "कळत नाही ना? मग उघडते." आणि ती आमच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकून सगळं इंजिन उघडते, प्रत्येक भाग बघते, पुन्हा बसवते. सोसायटीतले लोक आधी तक्रार करायचे. आता चहा आणून देतात.

यंदाही ती आली. इंजिन सुरू केलं. मी मूठ लावली, डोळे मिटले, आणि या वेळी काय झालं कुणास ठाऊक, सगळं स्वच्छ लागलं. ठोका ठोक्यात, कुठे खर नाही, कर नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, अरे, हे तर कळतंय. शब्द थेट जिभेवर आला, काकांच्या आवाजात. ‘घे’.

डोळे उघडले तर मुग्धा माझ्याकडेच बघत होती. ओठ हलत होते. मी इंजिन बंद करायची खूण केली.

"काय म्हणालीस?"

"तिसऱ्यांदा विचारतेय, दादा," ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला होता. "ती बारीक शीळ कसली येत होती?"

मी तिच्याकडे बघितलं. हातातल्या मुठीवरच्या दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला.

"उघड," मी म्हणालो.